नऊ नंबरची जर्सी

सुनेला लाज म्हणून नव्हती. पोटच्या पोरीला संघातून वगळलं आणि सकाळी तिचीच वेणी घालत बसली, जसं काही झालंच नाही.

मालकीणबाई धुसफुसत मैदानाकडे निघाल्या. शिलाईचं दुकान बंद होऊन बारा वर्षं झाली, तरी सगळी वसाहत त्यांना मालकीणबाईच म्हणायची. दुकान का बुडालं, हा विषय त्यांच्यासमोर काढायची मात्र कुणाची टाप नव्हती.

वसाहतीच्या फुटबॉल लीगमध्ये येईल त्या मुलीला खेळायला मिळे. त्यातूनच सुनेने परगावी जाऊन सामने खेळणारा संघ बांधला होता. त्यात जागा चौदाच. मालकीणबाईंच्या काखेतल्या पिशवीत चौदा जर्सी होत्या, स्वतः शिवलेल्या. नऊ नंबरची जर्सी तर यादी लागायच्या आधीच नातीच्या मापाने बेतलेली. आणि ती जागा आता बेकरीवाल्याच्या काडीपैलवान पोरीला! नात दोन दिवस धड जेवली नव्हती. सुनेची चारचौघांत खरडपट्टी काढायचीच, हे बाईंनी वाटेतच पक्कं केलं.

मैदानावर सराव चालला होता. नात समोरच्या बाजूने, लीगच्या मुलींकडून खेळत होती. सरावात कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही, चेंडूही मागायचा नाही, असा सुनेचा नियम. घरात हिचा आवाज शेजारच्या खोलीत पोचत नसे. इथे तिने नुसता हात वर केला आणि अकरा पोरी एका अंगाने वळल्या. बाई बाकावर टेकल्या.

नातीने चेंडू घेतला, तिघींना चकवलं. बाईंचा ऊर भरून आला. चेंडू पुढे गेला तशी नात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बेकरीवाल्याची पोर मात्र थांबतच नव्हती. चेंडू अजून गेलाही नसेल तिथे ती आधीच हजर, आणि चेंडू मुकाट तिच्या पायाशी, बोलावल्यासारखा. एकदा, दोनदा, सातदा. मग बाई मोजायचंच विसरल्या. अशी नजर त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराची. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत त्याने मनात माप घेतलेलं असे.

त्या उठून सुनेजवळ गेल्या. तोंडातली शिट्टी तिने चावून चपटी केली होती. हातातल्या यादीत नवव्या ओळीपाशी कागद खोडून खोडून फाटला होता.

"बोला आई, काय बोलायचं ते," मैदानावरची नजर न काढता सून म्हणाली.

बाईंनी पिशवीतून नऊ नंबर काढला आणि खांद्याची शिवण दातांनी उसवली.

"त्या पोरीला माप द्यायला बोलाव," त्या म्हणाल्या. "कारागिराला बाजूला सारून मी कात्री तुझ्या नवऱ्याच्या हातात दिली होती. तुझ्याएवढी छाती मला असती, तर दुकान आज उघडं असतं."