मोज्याचं दुसरं टोक

"त्याला ढकलू नकोस, तो खेळ समजतो. पाठ फिरव," बाबा म्हणाले. मी फिरवली, आमचा कुत्रा ढब्बू अंगावर उड्या मारायचा थांबला. बक्षीस म्हणून बाबांनी ढब्बूपुढे आपला जुना, लाळेनं चिंब मोजा धरला.

"ये, तूही ओढ."

"शी. तुम्हालाच लखलाभ."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले.

तेराव्याला ढब्बू पाहुण्यांच्या अंगावर चढू लागला. "देऊन टाक याला," आत्या म्हणाली. मी ढकललं, त्याला आणखीच चेव आला. शेवटी पाठ फिरवली. समोर बाबांची रिकामी खुर्ची होती. मागे चारही पंजे जमिनीवर टेकले.

मी खुर्चीखालचा तो मोजा उचलला, ढब्बूनं चघळून पुन्हा ओला केलेला, आंबूस. चिमटीत धरून पुढे केला. ढब्बूनं दुसरं टोक ओढलं.

"किळस अजूनही येते, बाबा," मी खुर्चीला म्हणाले, "पण मला तुमच्याशी खेळायचं होतं."