मशालीपुढची कुस्ती

"हरायचं. कळलं ना?" आकूच्या कमरेचं कापड आवळता आवळता शिवलीलाने पुन्हा बजावलं.

आकू हसला नाही. एरवी तो उठताबसता हसायचा. चीनमधल्या डोंगराळ मुलखातला, यी लोकांपैकी. व्हाइटफील्डच्या ऑफिसात तिच्या शेजारी बसायचा आणि आता तिच्याशी लग्न करायचं म्हणत होता. आज त्याच्या गावचा मशालींचा सण, तो इथे सोसायटीतच करायचं ठरलं होतं. पिकावरची कीड जावी म्हणून शेतांतून मशाली फिरवायच्या आणि कुस्त्या खेळायच्या. कुस्तीचं नाव निघालं आणि चिकोडीहून आलेल्या आप्पांनी धोतराचा काचा मारला.

"सरी, ठरलं! जावई व्हायचं तर एक पकड माझ्यासंगं. मग बोलू."

आप्पा, म्हणजे तिचे वडील बसवंत पैलवान, पासष्टीला आले होते. थोरल्या दोन्ही जावयांना त्यांनी लग्नाआधी असंच चीत केलं होतं आणि त्या खुशीत मुली देऊन टाकल्या होत्या. तेव्हा आकूने काय करायचं ते उघडच होतं.

सोसायटीच्या हिरवळीवर एकच मशाल लावायची परवानगी मिळाली होती. वॉचमन पाण्याची बादली घेऊन शेजारी उभा. दोन्ही जावई आधीपासूनच टाळ्या पिटत होते. आप्पांनी शड्डू ठोकला. दोघं एकमेकांच्या कमरेला भिडले आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आप्पांना अस्मान दिसलं.

टाळ्या थांबल्या. शिवलीला धावत पुढे आली. झालं, जुळत आलेलं लग्न मोडलं!

"काय केलंस हे?" ती कळवळून म्हणाली.

"मला मशालीसमोर खोटं नाही खेळवलं," आकू म्हणाला आणि वाकून त्याने आप्पांना हात दिला.

आप्पांनी हात धरला, पण ते उठले नाहीत. पडल्या पडल्या थोरल्या जावयांकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट गदगदा हलायला लागलं. म्हातारा हसत होता.

"हे दोघं मुद्दाम पडले हुते, मला कळत न्हवतं व्हय रं? दोन लग्नं झाली, पर कुस्ती एक बी झाली न्हाई."

जावई आपापल्या चपलांकडे बघू लागले.

"शिवलीला," आप्पा कण्हत म्हणाले, "वाटीभर हळद आण गं. अर्धी माझ्या कंबरेला. उरलेली ह्याच्या अंगाला."