शर्यतीचं तेल

माझ्या जुन्या विलायती रेसर गाडीला कुठलं तेल घालावं, या विचारात महिनाभर मला जेवण गोड लागलं नव्हतं. गिरगावातला प्रत्येक मेकॅनिक साधं जाड तेल घाला म्हणत होता. पण माझं इंजिन साधं नव्हतं, म्हणून मी शर्यतीच्या गाड्यांत घालतात ते एरंडेल तेल खटपट करून मिळवलं.

"अहो, एरंडेल पोट साफ करायला देतात ना?" माझी बायको सुमती म्हणाली. हिला इंजिनातलं काय कळणार, म्हणून मी नुसता हसलो.

आठवड्याने तिला कळा सुरू झाल्या. तिला शेजारी बसवून परळच्या प्रसूतिगृहाकडे निघालो, तर लालबागला संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा लागला. गर्दीतून मुंगीच्या पावलांनी सरकताना माझं शर्यतीचं इंजिन तापलं, दोनदा खोकलं आणि बंद पडलं. सुमतीने डोळे गच्च मिटून माझा दंड धरला होता.

मोर्चातला एक गिरणी कामगार गाडीत डोकावला आणि मागे वळून म्हणाला, "घोषणा थांबवा रे, आत पोटुशी बाई आसा." दहा-बारा जणांनी मागून हात लावला आणि गाडी अलगद ढकलत परळपर्यंत नेली. मी फक्त स्टिअरिंग धरून बसलो होतो.

प्रसूतिगृहाच्या दारात सुमतीने डोळे उघडले.


"तेल चांगलं निवडलंत हो," ती म्हणाली. "आज गाडीने एकही हिसका दिला नाही."