वीस सेकंद

दारावरच्या मुलीने नेलिदाच्या गळ्यात सोनेरी पट्टी अडकवली आणि तिची पर्स उघडून आतला लिफाफा बाहेर काढला.

"हे आत नेता येणार नाही, बाई. पत्र, भेटवस्तू, काहीच नाही. मिठी नाही. एक फोटो, वीस सेकंद."

नेलिदाने लिफाफ्याकडे पाहिलं. दोन रात्री जागून लिहिलं होतं तिने ते. मुलीने तो टोपलीत टाकला आणि पुढच्याची पिशवी घेतली.

आत काळे पडदे लावलेल्या खोलीत साठेक माणसं रांगेत उभी होती. बहुतेक सगळी पन्नाशी ओलांडलेली, अंगावर बँडचे टी-शर्ट. 'ओचो बागोनेस' या बँडच्या चाळिसाव्या वर्षाचा दौरा, आणि आजचं शहर कोर्दोबा. नेलिदाच्या पुढे मेंदोसाहून आलेला एक दाताचा डॉक्टर होता, ओस्वाल्दो. हातात फर्नेत दारूचा ग्लास.

"पहिल्यांदाच?" त्याने विचारलं. "माझं हे भेटीचं पाचवं पॅकेज. बायको म्हणते, एवढ्यात नवा फ्रिज आला असता. मी म्हटलं, फ्रिज गातो का?"

नेलिदा हसली. गायक रुबेन आपला धाकटा भाऊ आहे, हे तिने सांगितलं नाही. आई जाऊन अठरा दिवस झाले, आणि त्याला अजून पत्ता नाही, हेही नाही. त्याचा नंबर बदलला होता. त्याच्या ऑफिसातल्या मुलीने तीनदा निरोप लिहून घेतला आणि तीनदा म्हणाली, "कळवते हं." मग नेलिदाने हे पॅकेज घेतलं.

रांग भराभर सरकली. पडद्यासमोर रुबेन उभा होता. केस रंगवलेले, डावा गुडघा पट्ट्याने आवळलेला. येईल त्याच्या खांद्यावर हात टाकत होता आणि तेच एक वाक्य म्हणत होता, "तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत!"

नेलिदाच्याही खांद्यावर हात पडला. "तुम्ही आहात म्हणून..."

तो थांबला.

"नेली? तिकीट काढून आलीस?"

"दुसरा रस्ता ठेवलायस का तू?"

"इकडे बघा!" फोटोवाला ओरडला. रुबेनने सवयीने कॅमेऱ्याकडे तोंड फिरवलं, हसू तसंच ठेवून हळूच विचारलं, "आई कशी आहे?"

खांद्यावरचा त्याचा हात थरथरत होता. कार्यक्रमाआधी त्याचे हात असेच थरथरायचे, शाळेच्या गॅदरिंगपासून. तासाभरात त्याला स्टेजवर जायचं होतं. वाटभर घोकलेलं वाक्य नेलिदाच्या ओठांवर आलं. मागे पंचवीस माणसं आपापल्या फोटोची वाट बघत होती.

"बरी आहे," ती म्हणाली. "तुझी फार आठवण काढायची."

'काढायची' हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"सांग तिला, डिसेंबरात नक्की येतो. शपथ."

"पुढचे!"

दोन माणसांनी तिला अदबीने बाजूला केलं.

तिची जागा पहिल्या रांगेत होती, ओस्वाल्दोच्या शेजारी. दिवे गेले, ढोल सुरू झाले, मागचे पंधरा हजार लोक उड्या मारू लागले. ती खुर्चीला धरून उभी राहिली. पाचव्या गाण्यानंतर रुबेनने गिटार पाठीवर सरकवली आणि माइकजवळ आला.

"आज मला घरचं माणूस भेटलं," तो म्हणाला. "माझी आई गावी, देआन फुनेसला आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. दोन्या एल्विरा म्हणतात तिला सगळे मानाने. हल्ली तिला जरा कमी ऐकू येतं, तेव्हा जोरात हाक मारा. घरापर्यंत गेली पाहिजे!"

"एल्विरा! एल्विरा!" सगळं स्टेडियम घुमलं. रुबेन वाकून, कानामागे हात धरून हसत होता. आणखी, आणखी जोरात.

ओस्वाल्दोने नेलिदाला कोपराने ढोसलं. "ओरडा की, बाई! म्हातारीला ऐकू जायला नको?"

नेलिदाने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि छाती फुटेस्तोवर ओरडली. पंधरा हजार लोक 'एल्विरा' म्हणत होते. ती एकटीच 'आई' म्हणाली.