आरशामागे

वीज सोडली की त्या आरशाची आरपार दिसणारी काच व्हायची. त्यासाठी काचेवरचा पातळ थर सरांच्या प्रयोगशाळेत तिने डोळ्यांत तेल घालून बसवला होता.

"फटीतून बघत राहा; मी टाय नीट केला की बाजूला सरून बटण दाब," सरांनी प्रात्यक्षिकाआधी बजावलं. "तोवर आरशामागेच थांब. पाहुण्यांसमोर उगाच गर्दी नको."

पाहुणे जमले. आरशात स्वतःला न्याहाळत सर म्हणाले, "या थरासाठी मी एकट्याने रक्ताचं पाणी केलं."

त्यांचा हात टायकडे जायच्या आतच, बाजूला न सरता, तिने बटण दाबलं. आरशातला सरांचा चेहरा विरत गेला आणि त्याच जागी, हातात बटण धरलेली ती दिसू लागली.

"या कोण?" पाहुण्यांनी विचारलं.

ती सरांकडे बघत शांतपणे म्हणाली, "मी गर्दी."