अर्जातला पाय

बाळांनो, अशी कल्पना करा की तुमच्यासमोर कुणीतरी बसलं आहे. त्याचा उजवा पाय तुमच्या डाव्या हाताला येतो, हो ना? १९७८ साली वर्ध्याच्या एका वकिलांच्या हे लक्षातच आलं नाही. अल्लीपूरच्या चंद्रभानच्या बैलगाडीला ट्रकने धडक दिली आणि त्याचा उजवा पाय मोडला. वकिलांनी समोर बसून तो पाहिला आणि भरपाईच्या अर्जात लिहिलं, डावा पाय.

कोर्टात न्यायाधीश म्हणाले, "प्लास्टर तर उजव्या पायाला आहे! अर्ज फेटाळू का?"

"पक्षकारानेच डावा सांगितला, साहेब," वकील म्हणाले.

"काऊन खोटं बोलून राह्यले, वकीलसाहेब? मी तर बोट लावून दाखवला होता तुमाले!" चंद्रभान रडकुंडीला आला.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग अर्जातला हा जखमी डावा पाय आहे तरी कोणाचा?"



चंद्रभानची सात वर्षांची नलू बाकावरून उतरली आणि वकिलांच्या डाव्या पायावर दणकन उडी मारून म्हणाली, "आता वकीलसाहेबाचा, जजसायब!"