उघड्या दारावरची टकटक

पाहुणे आले की कस्तुराबाई थोरल्या सत्यमला मागच्या खोलीत कोंडायच्या. पोराला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत हे फुटलं, तर धाकटीचं लग्न कसं जमणार? तो बिचारा आतून दार वाजवत राहायचा.

आज धाकटीला बघायला येणार, म्हणून त्याला सकाळीच मामासोबत सोयगावच्या एसटीत बसवलं होतं.

चहा आला, अन् मागं टकटक सुरू झाली.

"शेजारी काम चालू हाय," म्हणत कस्तुराबाई मागं धावल्या. दार सताड उघडं. आत कुणी नाही. तरी त्या उघड्या दारावर आतून टकटक चालूच होती.

त्या घामाघूम होऊन बैठकीत परतल्या. नवऱ्यामुलाची आई पांढरीफटक पडली होती. आपल्या नवऱ्याची बाही धरून ती पुटपुटत होती, "अवो, ह्ये तर आपल्या मधल्या पोराचं वाजवणं. निघताना त्याच्या खोलीला कुलूप लावलं होतं ना तुम्ही?"